तंबूतला दिवा आणि बाबांचं मशीन

मागच्या भागात तंबू कुठे लावायचा, पाण्यापासून किती लांब, मोठ्या झाडाखाली का नको, यावर बोललो होतो. त्यानंतर जेवढे प्रश्न आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर होते. लाइटचं काय करायचं? फोन कुठे चार्ज करायचा? छोटा फ्रिज चालेल का? आणि एका श्रोत्याने विचारलंय, 'मिक्सर नेऊ का?' हो, मिक्सर. त्यांना तंबूत इडली-चटणी करायची आहे. मी हसलो होतो, पण नंतर लक्षात आलं की हा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे. त्याच्याकडे येतो.

आधीच सांगून ठेवतो, मी इलेक्ट्रिकलवाला नाही. मी अकाउंट्समधला माणूस. या विषयात पडलो तो बाबांमुळे, आणि पडलो तोही तोंडावर. त्यामुळे आज आधी ती गोष्ट सांगणार आणि त्यातच आकडे येतील. ऐकत असाल तर कागद-पेन घ्या, वाचत असाल तर प्रश्नच नाही.

बाबा आता ७२ वर्षांचे आहेत. तरुणपणी हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट, सगळं पायाखालचं. दोन सेलची बॅटरी आणि एक कंदील, एवढ्यावर त्यांचा अख्खा ग्रुप गडावर राहायचा. (आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात, त्यामुळे आज बोलताना माझा घोळ होणार आहे, सांभाळून घ्या.) सहा वर्षांपूर्वी त्यांना स्लीप ॲप्निया निघाला. म्हणजे झोपेत श्वास अडकतो, माणूस अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा अडकतो, असं रात्रभर. त्यावर सीपॅप नावाचं मशीन असतं. नाकावर मास्क लावायचा आणि मशीन हवेचा हलका दाब देत राहतं. ते आल्यापासून बाबांची झोप सुधारली, दिवसाची पेंग गेली. पण मशीनला प्लग लागतो. त्यामुळे तंबू बंद. आम्ही निघालो की ते म्हणायचे, 'अरे, तुम्ही जा पोरीला घेऊन. मला काय नवीन आहे त्यात.' असं चार वर्षं चाललं.

मग मुलीनेच एकदा विचारलं, 'आजोबा का येत नाहीत?' मला उत्तर देता येईना. एका प्लगमुळे येत नाहीत, हे सांगायला लाज वाटली.

पहिला प्रयत्न पवना धरणाच्या काठी. कॅम्पसाइटवाल्याला फोनवर स्पष्ट विचारलं, रात्रभर लाइट असते ना, औषधोपचाराचं मशीन आहे. 'असते की सर, चोवीस तास.' गेलो तर तिथे जनरेटर. साडेअकराला गाणी बंद झाली आणि त्याबरोबर जनरेटरही. मी अंधारात त्या माणसाला शोधून काढलं. तो म्हणाला, 'सगळे झोपले की बंदच करतो सर, रात्रभर तेल कोण जाळणार?' त्याच्या बाजूने त्याचं बरोबर होतं. फोनवर तेवढं सांगायला हवं होतं.

बाबा काही बोलले नाहीत. गाडीची सीट मागे करून अर्धवट बसून राहिले, कारण सपाट झोपलं की त्रास जास्त होतो. पहाटे पाचला मी बाहेर आलो तर ते शाल गुंडाळून पाण्यावरचं धुकं बघत होते. म्हणाले, 'छान झोप लागली.' त्यांना ओळखून मला ४४ वर्षं झाली. ती झोप नव्हती.

आता कुणी म्हणेल, एक रात्र मशीन नसलं तर काय होतं? डॉक्टरांनीही सांगितलं होतं की बाबांच्या बाबतीत एका रात्रीने संकट येत नाही. पण दुसऱ्या दिवशी डोकं जड, बोलताना पेंग. आणि मुख्य म्हणजे माणूस पुढच्या वेळी नाही म्हणतो.

मग मी ठरवलं की दुसऱ्याच्या जनरेटरवर जायचं नाही, आपली वीज आपण न्यायची. आणि इथे माझी चूक सुरू होते. ऑफिसातल्या एका जुन्या यूपीएसची १२ व्होल्ट २६ एएचची बॅटरी मिळाली, सीलबंद, लेड ॲसिडवाली. त्याला तीनशे वॉटचा छोटा इन्व्हर्टर लावला. हिशेब सोपा होता. १२ गुणिले २६ म्हणजे ३१२ वॉट-अवर. इंटरनेटवर कुठेतरी वाचलं की असं मशीन साधारण १२ वॉट खातं. ३१२ भागिले १२, म्हणजे २६ तास. अरे वा! तीन रात्री निघतील.

रात्री साडेदहाला बाबा झोपले. अडीचला इन्व्हर्टर केकाटायला लागला. हो, ते यंत्र बॅटरी उतरली की ओरडतं, तंबूत, रात्री अडीच वाजता, आसपास दहा तंबू झोपलेले असताना. २६ तास धरले होते, मिळाले चार. मी टॉर्च तोंडात धरून वायरी हलवतोय, आणि बाबा मास्क काढून म्हणतात, 'राहू दे रे. सकाळी बघू.' ते 'राहू दे' अजून ऐकू येतं.

घरी आल्यावर मी अकाउंटंट झालो. म्हणजे आधीच व्हायला हवं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा विषय इथेच आहे. विजेच्या बाबतीत आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. वॉट आणि वॉट-अवर. वॉट म्हणजे वस्तू किती जोरात खाते, आणि वॉट-अवर म्हणजे एकूण किती खाल्लं. नळाची धार आणि बादली म्हणा. बॅटरी ही बादली आहे. तीन वॉटचा एलईडी दिवा चार तास लावला तर बारा वॉट-अवर गेले. बस, एवढंच गणित. वस्तू किती वॉट खाते, गुणिले किती तास चालते. सगळ्या वस्तूंची बेरीज हा खर्च, बॅटरीवरचा आकडा ही जमा. आणि जमेतून थोडी गळती धरायची, ती किती ते सांगतो.

आता मिक्सर. पाचशे वॉटचा मिक्सर, चटणीला दोन मिनिटं. पाचशे वॉट, दोन मिनिटं, म्हणजे किती? जेमतेम १७ वॉट-अवर. फोन एकदा पूर्ण चार्ज करायला यापेक्षा जास्त लागतं! मग न्यावा मिक्सर? नाही. कारण ती दोन मिनिटं त्याला धार मोठी लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून पाचशे वॉट काढायचे तर जवळजवळ ५० अँपिअर ओढावे लागतात, आणि मोटर सुरू होताना त्याहून जास्त. छोट्या बॅटरीतलं संरक्षण सर्किट तिथल्या तिथे बंद पडतं. म्हणजे बादलीत पाणी आहे, पण नळ बारीक आहे. तर चटणीवाले दादा, घरूनच वाटून न्या, नाहीतर गावात मुक्काम असेल तर पाटा-वरवंटा मागा, आनंदाने देतात.

उलट उदाहरण किटलीचं. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळायला ८५ ते ९० वॉट-अवर लागतातच. हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, किटली कितीही महाग घ्या, याखाली जात नाही. तेवढ्यात तीन वॉटचा दिवा ३० तास जळतो. म्हणून माझा पहिला नियम, ज्याचं काम तापवणं आहे ते बॅटरीवर न्यायचंच नाही. किटली, इंडक्शन, हेअर ड्रायर, इस्त्री, पाण्यात सोडायचा रॉड, सगळं घरी. चहाला छोटा गॅस किंवा चूल.

बरं, माझं २६ चं ४ कसं झालं? बाजारात भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो. तो आणला, बाबांचं मशीन घरीच त्यावर लावलं आणि रात्रभर चालू दिलं. सरासरी निघाली ३८ वॉट. मी धरले होते १२. हा फरक कुठून आला? मशीनमध्ये ह्युमिडिफायर असतो, म्हणजे हवा दमट करायला एक पाण्याचं भांडं, आणि ते पाणी तापवलं जातं. तापवणं! मी किटलीला नाही म्हणत होतो आणि बाबांच्या उशाशी रात्रभर एक छोटी किटलीच चालू होती. पंखा तसा काहीच खात नव्हता.

दुसरी गळती इन्व्हर्टरची. जरा विचार करा काय चाललं होतं. बॅटरी १२ व्होल्ट डीसी. इन्व्हर्टर तिचे २३० व्होल्ट एसी करतो. मग मशीनचा ॲडॉप्टर त्या २३० चे पुन्हा २४ व्होल्ट डीसी करतो. म्हणजे पुण्याहून ठाण्याला जायचं आणि वाटेत सोलापूर. प्रत्येक ठिकाणी थोडी उष्णता होऊन वीज वाया. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काही जोडलं नाही, तरी पाच-सहा वॉट खातो. आठ तासांत चाळीस-पन्नास वॉट-अवर नुसते त्याच्या पोटात.

आणि तिसरी गोष्ट बॅटरीच. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. रोज रोज तळापर्यंत नेली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची असं धरतात. माझी तर यूपीएसमधून निवृत्त झालेली होती. तिच्या अंगावरचे २६ एएच हे तरुणपणीचे. निवृत्तीनंतर माणसाला आणि बॅटरीला जुन्या आकड्यावर तोलू नये. हे वाक्य बाबांचं आहे, माझं नाही.

गाडीच्या बॅटरीवर चालवू का, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. गाडी चालू असताना त्या सॉकेटवर फोन, पॉवर बँक जरूर चार्ज करा. चार तासांच्या प्रवासात सगळं भरून निघतं, ही फुकट वीज आहे. पण गाडी बंद करून रात्रभर दिवे-पंखे लावू नका. ती बॅटरी स्टार्टरला एक जोरदार दणका देण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू रिकामी होण्यासाठी नाही. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर धक्का मारायला जंगलात कोण येणार?

मग डॉक्टरांकडे गेलो. ही पायरी गाळू नका. विचारलं, दोन-तीन रात्री ह्युमिडिफायर बंद ठेवला तर? बाबांच्या बाबतीत ते म्हणाले चालेल, नाक कोरडं पडेल, त्यासाठी साधा सलाइनचा स्प्रे वापरा. तुमच्या घरच्या माणसाला चालेल की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारायचं. ज्यांना रात्री ऑक्सिजन लागतो त्यांना तर माझा हा सगळा भाग लागूच नाही. त्यांनी तंबूच्या भानगडीत न पडता वीज असलेली खोली घ्यावी, आणि मी हे अगदी गंभीरपणे सांगतोय.

मग एका शनिवारी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इलेक्ट्रिकचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जे काही लागतं ते त्या गल्लीत, फक्त चालायला जागा नाही. तिथून लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली. १२.८ व्होल्ट, २० एएच. गुणाकार करा, २५६ वॉट-अवर. वजन तीन किलोच्या आत. घरच्या इन्व्हर्टरखाली असते ती १५० एएचची बॅटरी पन्नास किलोच्या पुढे असते, आठवा. ही बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, आणि मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा आग धरण्याच्या बाबतीत बरीच सुरक्षित. आणि इन्व्हर्टरऐवजी घेतला एक कन्व्हर्टर, १२ व्होल्टचे थेट २४ करणारा. मशीनला किती व्होल्ट लागतात ते ॲडॉप्टरवर लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या, सगळ्यांना २४ नसतं. आणि हो, त्याच ॲडॉप्टरवर '९० वॉट' असंही लिहिलेलं असतं. ते बघून घाबरू नका. तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा आहे, मशीन तेवढं रोज खातं असं नाही. खरा आकडा फक्त मीटर सांगतो.

दुकानदाराने सगळं बांधून दिलं आणि विचारलं, 'फ्यूज घेतला का?' मी म्हटलं, बारा व्होल्ट तर आहे, शॉक थोडाच लागणार? तो माझ्याकडे असा बघायला लागला! म्हणाला, 'साहेब, शॉक नाही लागणार, तंबू जळेल.' आणि समजावून सांगितलं. बॅटरीची दोन टोकं चुकून जुळली, वायर सोलली गेली, पिशवीत किल्ली पडली, तर काही क्षण प्रचंड करंट वाहतो, वायर लाल होते. आणि तंबूचं कापड म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टर. तेव्हा पॉझिटिव्ह टोकाच्या अगदी जवळ फ्यूज, ही बाब काटकसरीची नाही. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. वायरसुद्धा फार बारीक नको. १२ व्होल्टमध्ये लांब बारीक वायर वीज खाते. पाच मीटर लांब, पाऊण चौरस मिलिमीटरची वायर, त्यातून पाच अँपिअर काढले तर एक व्होल्टच्या वर वाटेतच गळतो. अडीचची वायर घेतली तर तोच तोटा तिसऱ्या हिश्श्याच्या खाली येतो. दिव्याला चालून जातं, फ्रिजसारख्या गोष्टीला नाही.

यानंतर सगळ्यांत महत्त्वाचं काम केलं, जे आधी केलं नव्हतं. घरीच तालीम. बाबांच्या खोलीत भिंतीचा प्लग काढला, मशीन बॅटरीवर लावलं, मधे एक डीसी मीटर. बाबा म्हणाले, 'म्हणजे मी घरातच कॅम्पिंग करू?' केलं. सलग तीन रात्री. कन्व्हर्टर धरून सरासरी ११ वॉट. साडेसात तासांचे ८२ वॉट-अवर. ३८ चे ११ झाले, आणि बाबांना फरक एवढाच की सकाळी घसा कोरडा. तिसऱ्या रात्री मी मुद्दाम बॅटरी पुन्हा न भरता लावली, कुठे बंद पडते ते बघायला. घरात बंद पडली तर उठून प्लग लावता येतो, हा तालमीचा फायदा.

मग डिसेंबरात भंडारदरा. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचलो. पलीकडे कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच. गंमत बघा, हे प्रवरेवरचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालेलं, त्याच्याखाली वीज तयार होते, आणि आम्ही त्याच्या काठावर तीन किलोची बॅटरी घेऊन बसलोय. जेवण गावातल्याच एका घरून यायचं ठरलं होतं, पिठलं-भाकरी. म्हणजे स्वयंपाकाचा प्रश्न मिटला.

माझ्या वहीतला जमा-खर्च वाचून दाखवतो. बाबांचं मशीन ८२. दिवे: एक तीन वॉटचा बाहेर, चार तास, १२. दोन तंबूंत दोन-दोन वॉटचे, तीन-तीन तास, तेही १२. एकूण १०६ म्हणा. दोन रात्रींचे २१२. जमा २५६. गळती धरली तर जेमतेम, पण बसतंय. फोन या खात्यात घेतलेच नाहीत, त्यांना वेगळी पॉवर बँक. एका फोनला एका चार्जला साधारण २५ वॉट-अवर जातात. आणि पॉवर बँकेच्या आकड्याला भुलू नका. २०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेले असतात, म्हणजे ७४ वॉट-अवर, त्यातले साठेक हाताला लागतात. दोन ते अडीच फोन, बस. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत राहतो आणि आपोआप उतरतो, तेव्हा एअरप्लेन मोडवर टाका. निम्मं चार्जिंग तिथेच वाचतं.

फ्रिजचं विचारणाऱ्यांनाही इथेच सांगतो. गाडीत ठेवायचे १२ व्होल्टचे कॉम्प्रेसरवाले फ्रिज चांगले असतात, पण उन्हाळ्यात दिवसाला तीनशे-चारशे वॉट-अवर सहज मागतात. आमच्या दोन रात्रींच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त. त्यापेक्षा बर्फाची लादी आणि जाड थर्माकोलचा डबा. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॉट-अवर उष्णता शोषतो. पाच किलोची लादी म्हणजे थंडाव्याची साडेचारशे वॉट-अवरची बॅटरीच की, आणि ती कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण शीर्षकात दिवा आहे. लोक फार उजेड नेतात. दिवाळीच्या माळा नेतात, त्यातल्या बऱ्याच २३० व्होल्टच्या, म्हणजे पुन्हा इन्व्हर्टर आला. यूएसबीवर चालणाऱ्या घ्या. पांढऱ्याफटक प्रकाशापेक्षा पिवळसर बरा, आणि दिवा डोक्याच्या वर टांगण्यापेक्षा गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा, झाडाच्या बुंध्याला किंवा दगडावर. डोळे दिपत नाहीत आणि पाय कुठे पडतोय ते दिसतं. डोक्याला लावायची टॉर्च मात्र प्रत्येकाला स्वतःची हवी, मुलांनासुद्धा. रात्री बाहेर जायला तीच कामाची.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी मुलीला गॅसबत्तीची गोष्ट सांगितली. लग्नात, तमाशात भाड्याने आणायचे ती, पंप मारून पेटवायची, आत जाळीचं मेंटल, हात लागला की त्याची राख. तिला वाटलं हे काहीतरी जादूचं आहे. म्हणाली, आपण आणू या का? इथे एक गोष्ट मी फार ठामपणे सांगणार आहे. कंदील, गॅसचा दिवा, शेगडी, काहीही जळणारं तंबूच्या आत न्यायचं नाही. थंडीत लोक शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत नेतात आणि चेन लावून घेतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. आग लागली तर निदान कळतं, हे कळतच नाही. थंडी वाजत असेल तर आणखी एक घोंगडी घ्या, गरम पाण्याची पिशवी घ्या.

रात्री दहाला बाबांनी मास्क लावला. बॅटरी त्यांच्या पायाशी, कोरड्या प्लास्टिकच्या खोक्यात, वर पांघरूण पडणार नाही अशी. बाहेर ठेवली नाही, कारण डिसेंबरात दव एवढं पडतं की सकाळी तंबू पिळावा लागतो. मी शेजारच्या तंबूत. मशीनचा तो बारीक 'फू' आवाज येतो का ऐकत पडलो होतो. बारा वाजले. दोन वाजले. अडीचला मी उठून बसलोच. काही केकाटलं नाही. हळूच बाहेर येऊन त्यांच्या तंबूला कान लावला. 'फू' चालू होतं. बायको आतून म्हणाली, 'झोपा आता, त्यांची झोप मोडाल.'

सकाळी साडेसहाला मीटर ५७ टक्के दाखवत होता. बाबा उठले नव्हते. हे लिहून ठेवा, बाबा उठले नव्हते. सात वाजून गेले तरी.

दुसऱ्या दिवशी सोलर पॅनेल पसरलं. शंभर वॉटचं, घडीचं. त्याबद्दल अपेक्षा जरा खाली आणा. शंभर वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हातही साठ-सत्तर देतं. सूर्याकडे तोंड करून तिरकं उभं ठेवायचं, आणि दर दीड-दोन तासांनी फिरवायचं. सावली तर अजिबात नको. आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यावर एका फांदीची सावली पडली तरी सगळ्या पॅनेलचं उत्पन्न धाडकन खाली येतं. आम्ही पॅनेल लावून रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो, दुपारी परतलो तर आंब्याची सावली त्यावर ऐसपैस बसली होती. दिवसभरात मिळाले कसेबसे साठ वॉट-अवर. जवळ कुणी असतं तर दोनशेच्या वर मिळाले असते. तरी दुसरी रात्र आरामात निघाली, सकाळी ३८ टक्के शिल्लक.

काही छोटे प्रश्न राहिलेत, पटपट घेतो. बाजारात तयार 'पॉवर स्टेशन' मिळतात, ते घ्यावं का? ज्यांना वायरी जोडायच्या नाहीत त्यांनी जरूर घ्यावं, आत सगळं संरक्षण असतं. फक्त त्याच्यावरही एमएएच नाही, वॉट-अवर बघा, आणि जमेल तिथे त्याचं १२ व्होल्टचं किंवा यूएसबीचं सॉकेट वापरा, एसीचं बटण बंद ठेवा. विमानाने लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक केबिनच्या सामानात चालते, चेक-इनमध्ये नाही. १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, आमच्या २५६ वालीला प्रवेशच नाही. पेट्रोलचा छोटा जनरेटर? आवाज आणि धूर, आणि शेजारच्या दहा तंबूंचे शाप. पवन्याची ती रात्र आठवा.

परतीच्या वाटेवर राजूरला चहाला थांबलो तेव्हा बाबांनीच विषय काढला. 'काजवे कधी असतात रे इकडे?' मे अखेर ते जून, पावसाच्या तोंडावर. पुरुषवाडीला, भंडारदऱ्याच्या आसपास. 'मग तेव्हा येऊ.'

आता मी पुन्हा वही घेऊन बसलोय. जूनमध्ये सह्याद्रीत ढग, तेव्हा पॅनेल घरीच राहणार. म्हणजे जे काय ते २५६ मध्येच बसवायचं, आणि बाबांना तीन रात्री राहायचंय. ८२ गुणिले ३ म्हणजे २४६. उरले दहा. पण काजव्यांच्या गावात अंधार पाळायचा असतो. उजेड असला की त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून गावकरीही टॉर्च लावू नका असं सांगतात. म्हणजे दिव्यांचं खातं जवळजवळ शून्य. मुलगी म्हणते, डोक्याच्या टॉर्चला लाल कागद लावू. गळतीचं मात्र अजून जमत नाहीये. बहुतेक आणखी एक छोटी बॅटरी घ्यावी लागणार, नाहीतर बाबांना दोनच रात्रींवर राजी करावं लागेल. दुसरं अवघड दिसतंय.

पुढच्या भागात पावसातला तंबू. प्रश्न पाठवत राहा. मिक्सरवाले दादा, इडली झाली की फोटो पाठवा.